गोगीची पाच घरं

गोगीच्या आईला चार दिवस एकच काळजी कुरतडत होती, आणि ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती. ऐकणाऱ्यानं तिलाच वेड्यात काढलं असतं. काळजी ही, की मुलगी आनंदात होती.

अडतीस वर्षांची गोगी घरभर गुणगुणत फिरत होती. दात घासताना मध्येच थांबून आरशाकडे बघून हसत होती. येत्या गुरुवारी ती मानसशास्त्र विभागाच्या सभागृहात शंभरेक माणसांपुढे उभी राहून आपल्या वर्षभराच्या अभ्यासातली सगळ्यात नवलाची गोष्ट सांगणार होती. एका त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाची स्मरणशक्ती, कुणीही काहीही न करता, महिन्यामागून महिने वाढत गेली, ही ती गोष्ट.

त्यातलं ‘कुणीही काहीही न करता’ एवढंच खोटं होतं. गोगीला ते ठाऊक नव्हतं. आईला होतं, कारण जे काही केलं होतं ते तिनंच केलं होतं.

पण ही गाठ कशी बसली ते कळायला आधी गोगी कळायला हवी.

तिचं खरं नाव आता फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलंय. साडेतीन वर्षांची होईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. कान ठीक, जीभ ठीक, डॉक्टर म्हणाले, बोलेल तिच्या वेळेला. मामानं तिचं नाव गोगलगाय ठेवलं, त्याची गोगी झाली. मामा म्हणायचा, “ताई, घाबरू नकोस. गोगलगाय अन् पोटात पाय. ही सगळं बघून ठेवतेय.” ताईला धीर कुठला! कुणी विचारलं, “बाळ, नाव काय तुझं?” की गोगीनं तोंड उघडायच्या आत आई उत्तर देऊन मोकळी. दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या फाटकाशी, सगळीकडे. पुढे गोगी बोलायला लागली, पण जपून, दागिना बाहेर काढावा तसा एकेक शब्द. कॉलेजात पहिल्याच वर्षी वर्गापुढे निबंध वाचायची पाळी आली, तेव्हा ती बाकावरून उठली ती थेट घरी आली. परत गेली नाही.

बाविसाव्या वर्षी ती एका चष्म्याच्या दुकानात लागली. काम सोपं. गिऱ्हाईक आलं की नाव लिहून घ्यायचं, खुर्चीवर बसवायचं, समोरचा अक्षरांचा तक्ता दाखवायचा, एक डोळा झाकायला सांगायचं. बारा वर्षं तिनं हेच केलं. एखादीला कंटाळा आला असता. गोगीला मात्र त्या एका खुर्चीत अख्खं आयुष्य रांगेनं येऊन बसताना दिसायला लागलं.

पाच वर्षांच्या मुलाला एक डोळा मिट म्हटलं की तो दोन्ही मिटतो आणि वर विचारतो, “आता मी दिसतोय का?” चौदा वर्षांच्या मुलीला अक्षरं सगळी दिसत नसतात, पण चष्मा लागला तर मैत्रिणी काय म्हणतील ते स्पष्ट दिसत असतं. पंचेचाळिशीचा माणूस वर्तमानपत्र लांब लांब नेत राहतो आणि म्हणतो, “डोळे उत्तम आहेत हो, हात जरा आखूड पडतोय.” आणि म्हातारे! म्हातारे लवकर येऊन बाकावर बसायचे, आधीच्या माणसानं वाचलेली अक्षरं ऐकून पाठ करायचे आणि खुर्चीत बसले की घडाघडा म्हणून दाखवायचे. गोगी गुपचूप तक्ता उलटा टांगायची. मग पकडले गेले की तेच हसायचे.

हे सगळं ती दुकानाच्या वहीत मागच्या पानांवर लिहायची. एक दिवस ती वही दुकानाच्या मालकांच्या हातात पडली. मालकांनी चष्मा वर करून चार पानं वाचली आणि म्हणाले, “अगं, मी तीस वर्षं लोकांचे डोळे तपासले. तू माणसं तपासतेयस. इथं काय करतेस तू?”

“नोकरी,” गोगी म्हणाली.

“ती कर. पण संध्याकाळी शिकायला जा. माझी एक गिऱ्हाईक आहे, कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. जन्मापासून म्हातारपणापर्यंत माणूस कसकसा बदलत जातो, तोच विषय. दर वर्षी चष्मा माझ्या दुकानात विसरून जाते. या वेळी तू नेऊन दे.”

गोगी चष्मा द्यायला गेली आणि प्रवेशाचा अर्ज घेऊन आली.

घरात खळबळ उडाली. आईला वाटलं, चौतिसाव्या वर्षी पोरगी पुन्हा वर्गात बसणार, पुन्हा कुणी तरी उभं करणार, पुन्हा ती पळून येणार. बाबा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “अडकली तर अडकली. मधल्या मजल्यावर अडकलेली माणसं मी हजारांनी बाहेर काढलीत. चढू दे तिला.”

पदवीची राहिलेली वर्षं तिनं कशी भरून काढली तो वेगळा व्याप. सांगायचं ते पुढच्या वर्षाचं, कारण खरी मजा तिथं होती. विभागातल्या बाईंची, म्हणजे त्या चष्मा विसरणाऱ्या बाईंची, एक रीत होती. पुस्तकं सगळे वाचतात, त्या म्हणायच्या, माणसं वाचा. प्रत्येक विद्यार्थ्यानं पाच घरं निवडायची. एका घरात तान्हं मूल, एकात पाच-सहा वर्षांचं, एकात चौदा-पंधराचं, एकात मध्यमवयीन माणूस आणि एकात ऐंशीच्या पुढचं. नात्यातलं कुणी नको. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी एक तास. कोपऱ्यात बसायचं, ठरलेले खेळ घ्यायचे, बघायचं. शिकवायचं नाही, सुचवायचं नाही, शाबासकी द्यायची नाही, ‘चुकलं’ म्हणायचं नाही. वहीच्या उजव्या पानावर जे दिसलं ते, डाव्या पानावर आपल्याला जे वाटलं ते. डावं उजव्यात मिसळलं की बाई ते पान फाडायच्या. आणि एक कडक अट: पाचातलं एक घर जरी मध्येच सुटलं, तरी वर्ष बाद.

गोगीनं दुकानातले तास अर्धे केले आणि पाच घरं धरली.

त्यानंतर घरचा फोन कधी वाजेल याचा नेम राहिला नाही. एका दुपारी आईनं उचलला तर पलीकडे गोगी धापा टाकत होती. ती रस्त्यावर होती, मागून गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते.

“आई! त्यानं रुमाल ओढला!”

“कुणी? पर्समधून? तू बरी आहेस ना?”

“अगं बाळानं! खुळखुळा रुमालाखाली ठेवला की आजवर तो विसरून जायचा. खुळखुळा दिसत नाही म्हणजे तो नाहीच! आणि आज त्यानं रुमालाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओढला रुमाल! आई, त्याला कळलं! नजरेआड झालेली वस्तू असते, हे त्याला आज सव्वाचार वाजता कळलं!”

बाबांनी शेजारून विचारलं, “काय झालं?”

“बाळानं रुमाल ओढला,” आई म्हणाली.

“पोलिसात दिलं का त्याला?”

पण बाबाही अडकले होते. दर शनिवारी संध्याकाळी गोगी वही उघडायची आणि दोघं तिच्यासमोर असे बसायचे की जणू मालिकेचा पुढला भाग आहे. सहा वर्षांची एक चिमुरडी होती. तिच्यासमोर दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी ओतायचं आणि मग एकातलं उंच, निमुळत्या बाटलीत. कशात जास्त? “उंचात!” ती चार महिने ठासून सांगत होती. पाचव्या महिन्यात तिनं बाटलीकडे पाहिलं, गोगीकडे पाहिलं आणि कीव आल्यासारखं म्हणाली, “मावशी, तेच तर पाणी आहे. तुला अजून कळत नाही का?” बाबा त्या दिवशी हसून हसून लाल झाले. चौदा वर्षांच्या पोरीनं पहिले दोन महिने गोगीला फक्त बंद दार दाखवलं. गोगीनं तास दाराबाहेर काढला आणि उजव्या पानावर लिहिलं, ‘दार बंद. आतून गाणं. तेच गाणं नऊ वेळा.’ पाचव्या खेपेला दार उघडून आवाज आला, “आत बस ना. बाहेर पाय दुखतील तुझे.” मालवाहू ट्रक चालवणारे एक दादा होते, सेहेचाळीस वर्षांचे. ते म्हणायचे, “माझ्यात काय बघणार ताई? मी वाढायचा कधीच थांबलो.” आणि मग दर वेळी तास संपून गेला तरी बोलत राहायचे.

आपल्या मुलीला इतकं बोलताना आई आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. तिला आनंद व्हायचा आणि त्याच्या पाठोपाठ भीती. इतका आनंद हातात घेऊन चालणाऱ्याला ठेच लागली तर?

ठेच लागली ती पाचव्या घरात.

पाचवं घर त्यांच्याच इमारतीत, तळमजल्यावर. तिथले आजोबा चाळीस वर्षं छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचे. इमारतीत लहानथोर त्यांना कंपोझिटरकाका म्हणत, गोगी आजोबा म्हणायची. मुलगा-सून दिवसभर कामावर, काका खिडकीशी पलंगावर. त्यांच्यासाठीचा खेळ साधा होता. एकमेकांशी संबंध नसलेले बारा शब्द वाचून दाखवायचे. कुलूप, नदी, टोपी, मीठ, घोडा, कंदील असे. मग वीस मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं आणि विचारायचं, किती आठवतात? दर वेळी शब्द नवे.

पहिल्या वेळी पाच आठवले. दुसऱ्या वेळी चार. तिसऱ्या वेळी तीन, आणि त्यातला एक यादीत नव्हताच.

त्या दिवशी आई बिस्किटांचा डबा द्यायच्या निमित्तानं खाली गेली होती. तिनं काकांचा चेहरा पाहिला. गोगी नमस्कार करून वर गेल्यावर ते म्हणाले, “वहिनी, तुमची लेक गोड आहे. पण तिला सांगा, पुढच्या वेळी येऊ नको म्हणावं. मी एकेकाळी चारशे पानांच्या पुस्तकातली उलटी वेलांटी लांबून ओळखायचो. आता मला दर पंधरा दिवसांनी सिद्ध करून दाखवायचंय की माझं डोकं रिकामं होत चाललंय? ते मला रोज सकाळी कळतं. त्याला वही कशाला?”

आईच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली: पाचातलं एक घर सुटलं, वर्ष बाद. गोगी पुन्हा बाकावरून उठली, पुन्हा घरी आली.

“काका,” ती म्हणाली, “आपण सराव करू या का? मी येते दुपारची. कुणाला कळायचं नाही.”

“तुमच्या लेकीला चालेल?”

“मी तिची आई आहे ना,” आई म्हणाली. जणू ते उत्तर होतं.

असे ते मंगळवार-शुक्रवार सुरू झाले. आईनं शाळेच्या ग्रंथालयात पंचवीस वर्षं काढलेली. पुस्तकांच्या नोंदीची कोरी कार्डं घरात गठ्ठ्यानं पडून होती. एका कार्डावर बारा शब्द, कोपऱ्यात तारीख, खाली आठवलेल्यांवर बरोबरची खूण. सवयच ती. कार्डावर तारीख नसेल तर तिला जेवण जात नाही. पहिले तीन आठवडे काही घडलं नाही. चार, पाच, चार. काका चिडायचे, उशीला दोष द्यायचे, खिडकीतल्या कबुतरांना दोष द्यायचे.

“तुम्ही वाचता फार भरभर.”

“हळू वाचते.”

“मग फार हळू वाचता. पहिला शब्द तोवर म्हातारा होतो.”

चौथ्या आठवड्यात, शुक्रवारी आईला काहीतरी दिसलं. ती शब्द वाचत होती आणि काकांचा उजवा हात चादरीवर हलत होता. अगदी थोडा. बोटं चिमूट करून एका जागी टेकत, उचलत, दुसऱ्या जागी टेकत. ती थांबली.

“काका, हात का हलतोय?”

काकांनी हाताकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्याचा आहे. मग त्यांनी डोळे मिटले. “थांबा. परत वाचा. सावकाश.”

तिनं वाचलं. कुलूप. बोटं डावीकडे वर टेकली. दोरी. मध्ये. ढग. उजवीकडे खाली. छापखान्यात त्यांच्यापुढे लाकडी खणांचा मोठा ट्रे असायचा. प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला. डोळे झाकले तरी हात बरोबर त्या खणात जायचा, चाळीस वर्षं. आता ते अक्षरांच्या खणांत शब्द टाकत होते. बारा शब्द, बारा खण. वीस मिनिटं त्यांनी सुनेच्या स्वयंपाकाच्या तक्रारी केल्या. मग आईनं विचारलं, “आठवतं काही?”

काकांचा हात चादरीवर फिरला, एका खणातून दुसऱ्या खणात. “कुलूप... दोरी... चमचा... थांबा, इथं काय होतं... घोडा!”

नऊ. बारापैकी नऊ!

आई अक्षरशः उडाली. काकांनी उशीवर मूठ आपटली. “अजून हात शाबूत आहे वहिनी! डोकं गेलं तरी हात आहे!” दोघं इतक्या मोठ्यानं हसले की समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं. आई तीन मजले जिना पळत चढली. लिफ्ट होती, पण तिला धीर नव्हता. दारात बाबा होते. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं कुणाला? त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं, रस्त्यात उभं राहून फोन करताना गोगीला काय होत असेल ते. तिनं कार्डाच्या मागं लिहिलं, ‘हात हलतो. खण लावतात.’

पुढे चढती कमान. गोगीच्या वहीत सात, मग आठ, मग दहा. चाचणीच्या आधी गोगी नियमाप्रमाणे दर वेळी विचारायची, “आजोबा, मधल्या दिवसांत कुणी सराव घेतला का?” आणि काका छताकडे बघून म्हणायचे, “मला म्हाताऱ्याला कोण विचारतंय, पोरी?” गोगी लिहायची: नाही.

बारा आले त्या शनिवारी ती घरात नाचली. “बाराच्या बारा! आई, त्र्याऐंशीव्या वर्षी माणूस वर जातोय!”

“त्र्याऐंशीव्या वर्षी बहुतेक सगळे वरच जातात,” बाबा म्हणाले.

“बाबा, गंमत नको! बाई दोन तास वहीवर बसून होत्या. म्हणाल्या, आपोआप असं होताना मी पाहिलं नाही. मला गुरुवारी सगळ्यांपुढे बोलायचंय. मी बोलणार आहे! मला भीतीच वाटत नाहीये, कळतंय का तुम्हाला? सांगण्यासारखं काही असलं ना, की भीती वाटतच नाही!”

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आई हसली, आणि गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवल्यासारखं करून आत गेली. तिथपासूनचे ते चार दिवस. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगते. रोज गोगी गुणगुणत समोरून जायची आणि आई पुन्हा पोळ्या लाटायला वळायची. सांगितलं तर पाचवं घर बाद, वर्ष बाद, भाषण बाद. नाही सांगितलं तर मुलगी शंभर माणसांपुढे उभी राहून, अभिमानानं, जे घडलं नाही ते सांगणार. कधी तरी कुणी तरी हे तपासणार, आणि ती खोटी ठरणार. तिची चूक नसताना.

मंगळवारी सकाळी निघताना गोगी चपला घालता घालता म्हणाली, “उद्या सकाळी अहवाल छापायला जातो. आई, एक वाईट झालंय गं. आजोबांच्या हाताला कंप सुरू झालाय. शब्द वाचले की उजवा हात थरथरतो. मी पाच वेळा नोंदलंय. बाई म्हणाल्या, अहवालात घ्या, एकीकडे शरीर थकतंय आणि दुसरीकडे स्मरण वाढतंय, हे फार महत्त्वाचं. मी त्यांच्या सुनेलाही सांगून ठेवलंय. त्या उद्या डॉक्टरांकडे नेणार आहेत.”

गोगी गेली. आई दाराशी तशीच उभी राहिली. कंप! ज्या हालचालीसाठी ती तीन मजले पळत चढली होती, ती तिच्या मुलीला दिसली होती. पाचही वेळा दिसली होती. पण काय दिसलं ते कळायला जे ठाऊक असायला हवं होतं, ते आईनं लपवून ठेवलं होतं.

दुपारी ती खाली गेली तेव्हा काका पलंगावर ताठ बसले होते आणि सुनेनं उशाशी ठेवलेली डॉक्टरांच्या वेळेची चिठ्ठी त्यांनी चेंडूसारखी चुरगाळली होती.

“कंप?” ते ओरडले. “माझ्या हाताला कंप? या हातानं कधी खिळा चुकीच्या खणात पडला नाही, आणि ती पोरगी लिहिते कंप! हे छापून येणार?”

“उद्या सकाळी जातंय छापायला.”

“मग अजून प्रूफातच आहे ना! वहिनी, ऐका. प्रूफात चूक सापडली तर ती कंपोझिटरची. सुधारली की संपलं, कुणी नावं ठेवत नाही. एकदा का मजकूर मशीनवर चढला आणि हजार प्रती निघाल्या, की ती चूक पुस्तकाची होते. मग शुद्धिपत्र जोडा नाही तर कपाळ बडवा.”

आई खुर्चीवर बसली. “मी बाईंना फोन करते. त्यांना नीट समजावून सांगते. म्हणते, चूक माझी आहे, गोगीला यातलं काही माहीत नाही, तिचं वर्ष वाया घालवू नका. गोगीला आत्ता कळायलाच नको. मागाहून बाई तिला सांगतील. गोड शब्दांत.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मघाचा राग उतरला होता. “पाच घरं कोण फिरलं? बाई?”

“नाही.”

“दाराबाहेर तास तास कोण बसलं?”

आईनं चुरगाळलेली चिठ्ठी उचलून गुडघ्यावर सरळ केली.

“दुरुस्ती जुळणाऱ्याच्या हातात द्यायची असते,” काका म्हणाले. “मालकाला परस्पर सांगितलं, की जुळणाऱ्याच्या हातातली ओळ गेली. आणि घाबरता कशाला? तुम्ही नुसतं पाप केल्यासारखं बोलताय. मला तीन शब्द यायचे. आता बारा येतात. हे काय आपोआप झालं? आपोआप झालं असतं तर त्यात बघण्यासारखं काय होतं? पावसासारखं येतं नि जातं. आपण केलं, वहिनी! तुम्ही आणि मी, त्र्याऐंशीव्या वर्षी! कसं केलं ते तुमच्या लेकीच्या वहीत नाही. तुमच्याकडे आहे.”

आई उठली आणि वर आली. या वेळीही जिन्यानंच. शिवणयंत्राच्या झाकणाखालून तिनं बुटांचं खोकं काढलं आणि कार्डं जेवणाच्या टेबलावर मांडली. बाबा वर्तमानपत्र खाली करून बघत राहिले. एकेचाळीस कार्डं. प्रत्येकावर तारीख. चार, पाच, चार, पाच, आणि मग नऊ. ओळीनं लावल्यावर ती उडी लांबूनही दिसत होती. ज्या शुक्रवारी ती पडली ते कार्ड आठवं होतं. मागं तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. उजव्या पानावर शोभेल असं होतं ते: दिसलं तेवढंच, वाटलेलं काही नाही.

“हे काय आहे?” बाबांनी विचारलं.

तिनं सांगितलं. सगळं, एका दमात, पहिल्या बिस्किटाच्या डब्यापासून कंपापर्यंत. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

“वर्ष जाईल का गं तिचं?”

“जाईल कदाचित.”

“चिडेल.”

“चिडू दे. रडेलही. मला बोलेल, मग दोन दिवस घरात बोलणार नाही. पण हे बघा तरी!” तिनं त्यांचं मनगट धरून त्यांना टेबलाशी ओढलं. “इथं बघा. इथपर्यंत काही नाही. आणि इथून पुढं बघा! हात, अहो! माणूस आयुष्यभर जे काम करतो ते त्याच्या हातात शिल्लक राहतं आणि डोकं ते उसनं घेतं. हे मी पाहिलंय. एकटीनं पाहिलंय. आणि जिनं हे पाहायला अख्खं आयुष्य दिलं असतं, तिच्याचपासून लपवून ठेवलंय मी!”

बाबांनी चष्मा लावला आणि कार्डांवर वाकले. पहिल्या कार्डापासून एकेक वाचायला लागले, ओठ हलवत.

आईनं फोन उचलला. सव्वातीन झाले होते. गोगी आत्ता विभागात असणार, शेवटची पानं तपासत. बाईंचा नंबर भिंतीवर चिकटवलेला होता, तिनं तिकडे पाहिलंही नाही. माफी मागायची होतीच, पण सुरुवात तिथून केली तर आपण रडणार आणि गोगी घाबरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माफी दुसऱ्या वाक्यात. पहिलं वाक्य तिनं मनाशी दोनदा जुळवून पाहिलं: ‘गोगी, आजोबांचा हात थरथरत नाही, तो खण शोधतोय. वही घे.’

आणि तिनं मुलीचा नंबर लावला.